दोरात घालायचं राहिलेलं नाव

एकदा काय झालं, एका राजाचे दोन राजे झाले.

म्हणजे म्हातारा राजा वारला आणि मागे दोन मुलगे राहिले. थोरला म्हणाला, गादी माझी. धाकटा म्हणाला, माझी. गादी होती एकच, आणि ती काही फार लहान नव्हती. दोघं जरा सरकून बसले असते तर मावले असते. पण राजांना सरकून बसायला कोणी शिकवलेलं नसतं, बरं का. मग काय, लागली लढाई.

आता त्या राज्याच्या अगदी कडेला, खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं, कांदळपूर नावाचं एक बंदर होतं. खाडीच्या तोंडाशी एका बाजूला किल्ला. समोर पाण्यात कासवासारखा एक खडक, त्याचं नाव कासवखडक. या दोघांच्या मधून गलबतं आत यायची. किल्ल्यात थोरल्या राजाची शिबंदी होती, म्हणजे शिपाई आणि तोफा डागणारे गोलंदाज. बाहेर समुद्रात धाकट्या राजाची गलबतं. शिपाई कुठले? कांदळपूरचेच. गलबतांवरचे खलाशी कुठले? तेही कांदळपूरचेच. ज्याला ज्या राजाच्या माणसांनी आधी गाठलं, तो त्याच्याकडे गेला. एकाच आईचा एक मुलगा तटावर आणि दुसरा शिडाखाली.

थोरल्याचं निशाण पिवळं, धाकट्याचं निळं. त्यामुळे गावाची मोठी पंचाईत झाली. अंगणात पिवळं लुगडं वाळत घातलं तर शेजारीण टक लावून बघायची. निळं घातलं तर शिपाई बघायचा. शेवटी बायका लुगडी घरातच वाळवायला लागल्या, आणि सगळ्या गावाला पडसं झालं.

त्या गावात हौसा राहायची. हौसा दोर वळायची. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची, महिनोन्महिने ठेवायची, मग बाहेर काढून बडवायची आणि त्यातला काथ्या पिंजून दोर वळायची. घरात तिचा नवरा होता, सासू होती, आणि झोळीत झोपणारी चिमी होती. चिमी अजून बोलत नव्हती. पण जे बोलायचं ते रडून बरोबर बोलायची.

आता नीट ऐका हं, कारण इथं एक रीत सांगायची आहे. ती विसरलात तर पुढची गोष्ट कळायची नाही.

कांदळपूरला दोर वळताना पिळाबरोबर एक नाव घालायचे. ज्याच्यासाठी दोर, त्याचं नाव. वळणारीनं पीळ द्यायचा आणि हळूच, पण स्पष्ट, नाव घ्यायचं. मग तो दोर त्या माणसाला ओळखायचा. त्याला कधी काचायचा नाही, पाडायचा नाही, बुडवायचा नाही. ज्याचं नाव नाही, त्याची मात्र खात्री नाही. एकदा वादळात एक खलाशी पाण्यात पडला, तर त्याच्या नावाचा दोर आपला आपण त्याच्या कमरेला गुंडाळला गेला आणि त्याला वर घेऊन आला. चिमीच्या झोळीच्या दोरात चिमीचं नाव होतं, म्हणून हौसा चिमीला घरात ठेवून विहिरीवर जाऊ शकायची. म्हणजे जायची, पण निम्म्या वाटेवरून एकदा परत येऊन बघून जायची. दोरावर विश्वास होता तिचा. तरी बघून यायची.

ही झाली एक रीत. दुसरी रीत अशी, की बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, संपलं. पुन्हा घेतलं तर चारचौघांत हसं व्हायचं. मग नवऱ्यासाठी दोर वळायचा असला की काय करायचे? शेजारी सासू बसायची. सून पीळ द्यायची, सासू लेकाचं नाव घ्यायची. दोर खूश, रीतही खूश.

आणि शेवटचं, एवढं लक्षात ठेवा. वळून पुरा झालेला दोर मग एकाच माणसाचं ऐकतो. वळणारीचं. बाकी कोणी घसा फोडून ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही.

तर एके दिवशी सकाळी किल्लेदार हौसाच्या दारात आला. हैबतराव त्याचं नाव. मिशा एवढ्या, की आधी मिशा दारात यायच्या, मग तो. तो म्हणाला, "बाई, दोर पाहिजे. मांडीएवढा जाड. किल्ल्याच्या बुरुजापासून कासवखडकापर्यंत पुरेल एवढा लांब. आठ दिवसांत."

हौसानं विचारलं, "एवढा कशाला, सरकार?"

"पुनवेच्या दुपारी मोठी भरती असते. धाकट्याची गलबतं त्या भरतीबरोबर आत घुसणार आहेत. आपण दोर पाण्याखाली ताणून ठेवायचा. गलबतं येऊन अडकली की वरून तोफा." किल्लेदारानं मिशीवरून हात फिरवला. "दोरात थोरल्या महाराजांचं नाव घाल. फक्त त्यांचं."

हौसाच्या हातातलं काम थांबलं. कारण धाकट्याच्या पहिल्या गलबताचा तांडेल, म्हणजे गलबत चालवणारा, तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. नागू. तिच्या कडेवर वाढलेला.

किल्लेदार जाता जाता वळला. "तुझा भाऊ तिकडे आहे, माहीत आहे मला. म्हणून सांगून ठेवतो. तुझा नवरा माझ्या बुरुजावर गोलंदाज आहे. दोर तुटला, तर त्याच बुरुजावरून तो खाली जाईल."

आणि दाराशी एक पहारेकरी बसवून तो गेला. पहारेकऱ्याचं नाव सटवाजी. घाटावरचा माणूस होता. समुद्राला घाबरायचा, म्हणून पाठ करून बसायचा.

मग काय, हौसानं काथ्या घेतला. पहिल्या दिवशी तिनं सांगितल्याप्रमाणे थोरल्या राजाचं नाव घालून दोर वळायला घेतला. दोन हात दोर झाला असेल नसेल, तो लोखंडासारखा टणक झाला. गार पडला. तिच्या तळहाताला त्यानं कापलं. जमिनीवर ठेवला तर त्याचं टोक आपोआप समुद्राकडे वळलं आणि फण्यासारखं उभं राहिलं. झोळीत चिमी किंचाळून उठली. हौसा घाबरली. तिनं तो दोर उलगडून टाकला.

दुसऱ्या दिवशी कासारीण आली, बांगड्यांचं ओझं घेऊन. सटवाजीनं तिची टोपली उलटीपालटी करून बघितली. बांगड्यांत काही सापडलं नाही. निरोप बांगड्यांत नव्हताच, तो कासारणीच्या तोंडात होता. हौसाचा हात दाबून बांगडी चढवता चढवता ती पुटपुटली, "तुझा नागू म्हणतोय, आक्का, दोराचं कळलं आम्हाला. तरी यावंच लागणार, हुकूम आहे. पाच गलबतं, दोनशे माणसं. एक पेड उलटा पिळ. लागला धक्का की सुटेल. एवढं कर, नाहीतर पुनवेला आमचं काही खरं नाही." आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, किती कडक हात झालाय हा!"

हौसानं तसंही करून पाहिलं. एक पेड उलटा पिळला. दोर शेवयांसारखा सुटून मांडीवर पडला. सटवाजीनं वळून बघितलं आणि विचारलं, "हे असंच असतं का?" हौसा म्हणाली, "सुरुवातीला असंच असतं." आणि तोही उलगडला.

दोर धरला तर भाऊ जातो. दोर सोडला तर नवरा जातो. असं झालं, बरं का. आणि चिमी मामाच्या मांडीवर बसायची का बापाच्या खांद्यावर, हे ठरवायचं कोणी? तर हौसानं. दोन हातांत काथ्या धरून.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा घरी आला, घटकाभराची सुट्टी काढून. त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"मला बुरुजावरची मोठी तोफ दिलीय," तो म्हणाला. "गलबतं दोरात अडकली की पहिली बत्ती मी लावायची."

हौसानं भाकरी पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

"पुढचं गलबत नागूचं असणार. अगं, लग्नात कानपिळीला त्या पोरानं माझा कान असा पिरगाळला होता, आठ दिवस लाल होता. नवा फेटा दिल्याशिवाय सोडला नाही." तो हसायला गेला आणि त्याला हसू येईना. "त्याच्यावर बत्ती लावू मी? आणि नाही लावली, तर मागे किल्लेदार तलवार घेऊन उभा असणार."

"अहो, पळून जा ना."

"जाईन. मग किल्लेदार तुझ्याकडे आणि आईकडे येईल."

तो गेला. भाकरी तशीच राहिली. आणि मग सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. भिमाई त्यांचं नाव. जीभ मिरचीची, हात लोण्याचे. "मी ऐकलंय हो त्या कासारणीचं. माहेरची ओढ! भावासाठी उलटा पेड पिळतेस आणि माझा मुलगा बुरुजावरून खाली गेला तर?"

"आत्याबाई, तुमचा मुलगा माझा कोणीच नाही का?"

"ते मला काय विचारतेस? दोराला विचार."

झालं. त्या क्षणापासून दोघींचा अबोला सुरू झाला. भिमाई चिमीला सांगायच्या, "चिमे, तुझ्या आईला म्हणावं, आमटीत मीठ कमी आहे." हौसा चिमीला सांगायची, "चिमे, तुझ्या आजीला म्हणावं, मीठ संपलंय, बंदर बंद आहे." चिमी दोघींकडे बघून बोटं चोखायची.

चौथ्या दिवशी शेजारची पार्वती आली. मूठभर काथ्या पदराखाली घेऊन आली होती. सटवाजीकडे बघत हळूच म्हणाली, "हौसा, माझा भाऊ नागूच्याच गलबतावर आहे गं. त्याचं एकट्याचं नाव घाल. एकच. कोणाला कळतंय?"

ती गेली तशी कोपऱ्यावरची द्वारका आली. तिच्याही पदराखाली मूठभर काथ्या. "माझा मुलगा बुरुजावर पाणी भरतो. त्याचं तेवढं नाव घाल. एका नावानं दोर काय जड होणार आहे?"

ती गेली तशी तिसरी आली. तिचा एक मुलगा आत आणि एक बाहेर. ती काय मागणार? नुसती काथ्याची मूठ पुढे धरून उभी राहिली.

हौसा त्या तीन मुठींकडे बघत बसली. मग झोळीच्या दोराकडे बघितलं. एका दोरात एकच नाव घालतात, ते सगळ्यांना माहीत होतं. पण एकाहून जास्त नावं मावत नाहीत, असं कोणी म्हटलं होतं? ते कोणी करूनच बघितलं नव्हतं. तिला वाटलं, ही आपली हुशारी आहे का मूर्खपणा? जवळून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. सगळ्यांना ओळखणारा दोर कोणाला अडवेल का? अडवलंच नाही तर नवरा गेला. अडवून बुडवलं तर भाऊ गेला. विचारायला कोणी नव्हतं. ज्यांना विचारावं, त्यांच्याशी अबोला होता.

मग तिनं तिन्ही मुठी एकत्र केल्या आणि पीळ द्यायला घेतला.

गावात कसं कोण जाणे, कळलं. बायका यायला लागल्या. कोणी ताक घेऊन, कोणी चिमीला बघायला म्हणून, आणि प्रत्येकीच्या पदराखाली काथ्या. येऊन शेजारी बसायच्या आणि नावं सांगायच्या. मुलाचं, भावाचं, दिराचं, भाच्याचं. तटावरचा असो नाहीतर गलबतावरचा. नवऱ्याचं नाव तेवढं एकही बायको घ्यायची नाही. ते तिची सासू घ्यायची, नाहीतर नणंद. ज्या घरात दोघीही नव्हत्या, तिथं शेजारची म्हातारी घ्यायची. हौसा ते नाव पुन्हा म्हणायची आणि पीळ द्यायची. दोर जमिनीवर पसरत गेला. तो टणक नव्हता, गार नव्हता. हात ठेवला तर कोमट लागायचा, गाईच्या पाठीसारखा.

सटवाजीला वाटायचं, बायका बडबडताहेत. पण सहाव्या दिवशी तो भाला भिंतीला टेकवून जवळ येऊन बसला आणि काथ्या चिवडत म्हणाला, "माझी आई घाटावर आहे, बाई. इथं माझं नाव कोण घेणार?"

सगळ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. म्हणजे याला सगळं कळलं होतं.

हौसा म्हणाली, "मी घेते की." आणि तिनं घातलं, सटवाजी. तो पुन्हा जाऊन पाठ करून बसला. पण त्या दिवसापासून कोणी अनोळखी माणूस आला, की तो लांबूनच खोकायचा.

सातव्या दिवशी दोर पुरा होत आला. आता उरलं कोण? किल्लेदाराचं नाव घेणारं कोणी नव्हतं, तर हौसानं स्वतःच घेतलं, जरा नाक मुरडून. दोन्ही राजांची नावंही घातली. शेपटाला का होईना, पण घातली.

आणि तिच्या घरच्या गोलंदाजाचं?

सहाव्या दिवशी भिमाई बराच वेळ दोराजवळ बसून पुटपुटत होत्या. हौसानं लांबून पाहिलं आणि तिला वाटलं, चला, घेतलं त्यांनी लेकाचं नाव. अबोला नसता तर विचारलं असतं. भिमाई बसल्या होत्या खऱ्या, पण त्या आपल्या पुतण्यांची आणि भाच्यांची नावं दुसऱ्या एका बाईला सांगत होत्या. लेकाचं त्यांना वाटलं, पहिल्या पिळातच सुनेनं कोणाकडून तरी घालून घेतलं असणार. नवऱ्याला कोण विसरेल? अबोला नसता तर त्यांनीही विचारलं असतं.

आणि दोर पुरा झाला.

आठव्या दिवशी पुनव. सकाळी किल्लेदारानं दोर तपासला. वीस गडी दोन्हीकडून लावून ओढला, तुटला नाही. त्याला एक तोफ टांगली, तुटला नाही. तलवारीचा वार केला, तर तलवारच मागे आली. किल्लेदारानं विचारलं, "नाव कोणाचं घातलंस?"

हौसानं पदर सारखा केला. ती म्हणाली, "महाराजांचं आहे, सरकार. आणि... तुमचंसुद्धा आहे."

किल्लेदाराच्या मिशा दोन बोटं वर गेल्या. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

दोर ताणला. एक टोक बुरुजाच्या पायातल्या लोखंडी कडीला, दुसरं कासवखडकाला. भरती चढली आणि दोर पाण्याखाली दिसेनासा झाला. ऊन डोक्यावर आलं. सगळ्या कांदळपूरच्या बायका वाळूवर येऊन उभ्या राहिल्या. हौसाच्या कडेवर चिमी. थोडं लांब भिमाई. वर बुरुजावर मोठी तोफ, तिच्यामागे बत्ती धरून हौसाचा नवरा, त्याच्यामागे तलवार धरून किल्लेदार.

आणि मग निळी निशाणं दिसली. एक. तीन. पाच. वारा भरून शिडं फुगलेली. सगळ्यांत पुढच्या गलबताच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, नागू उभा होता. हौसानं डोळे मिटले. मग उघडले. आईनं डोळे मिटले की लेकरू रडतं, म्हणून.

गलबत दोरावर आलं. लागला धक्का!

आणि काय झालं असेल? दोर तुटला नाही. गलबत उलटलंही नाही. दोर पाण्यातून वर आला आणि त्यानं ते गलबत असं अलगद झेललं, झोळीत लेकरू झेलावं तसं. मग दुसरं झेललं. मग तिसरं. पाचही गलबतं दोरात जाऊन झुलायला लागली. पुढेही जाईनात, बुडतही नाहीत. दोनशे खलाशी एकमेकांकडे बघायला लागले.

वरून किल्लेदार ओरडला, "अडकले! बत्ती लाव!"

हौसाच्या नवऱ्यानं बत्ती उचलली. खाली नागूनं वर बघितलं. दोघांची नजरानजर झाली. नागूनं काही केलं नाही. नुसता स्वतःच्या कानाला हात लावला.

वर हौसाच्या नवऱ्यानं बत्ती खाली घेतली. आणखी खाली. आणि बाजूच्या पाण्याच्या बादलीत बुडवली. चर्रर्र झालं.

किल्लेदारानं तलवार उगारली. पण तेवढ्यात काय झालं, पाच गलबतांच्या ओढीनं बुरुजाच्या पायातली कडी दगडातून उपटली गेली. दोराचं टोक फटकन वर उसळलं. किल्लेदाराच्या अंगावरून गेलं, पण मांजरीची शेपटी जावी तसं नुसतं घासून गेलं. त्याचं नाव होतं ना त्यात. पाणी भरणाऱ्या पोरावरून गेलं, त्यालाही काही नाही. दुसऱ्या गोलंदाजावरून गेलं, काही नाही. आणि हौसाच्या नवऱ्यापाशी आलं, तर थांबलं. दोरानं त्याला हुंगल्यासारखं केलं. आणि मग त्याच्या कमरेला एक वेढा, छातीला दुसरा, गळ्याशी तिसरा. ओढलं त्याला तटावरून खाली. तो मधल्यामध्ये लोंबकळायला लागला. खाली धारदार खडक, आणि दोर काचतच चाललेला.

हौसानं चिमीला घट्ट धरलं. तिनं वळून भिमाईंकडे पाहिलं. भिमाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"आत्याबाई... तुम्ही नाव घातलं नव्हतं?"

"अगं... तू नव्हतंस घातलं?"

पाच दिवसांनी अबोला सुटला, आणि तो असा सुटला.

भिमाईंनी हंबरडा फोडला. लेकाचं नाव घेऊन ओरडल्या, पण दोरानं ऐकलं नाही. त्यांनी तो वळला नव्हता ना. मग त्या सुनेचा दंड धरून म्हणाल्या, "तुझंच ऐकेल तो. घे गं बाई, नाव घे!"

सगळं गाव बघत होतं. सासरे, दीर, शिबंदी, खलाशी. हौसानं तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर आला.

तिनं पुन्हा तोंड उघडलं. "अहो!"

दोर थबकला, आणि पुन्हा काचायला लागला. त्याला काय कळणार? त्या गावात तीनशे अहो होते. बुरुजावरच्या चाळीसजणांनी तर वळूनसुद्धा बघितलं.

नवऱ्याचा चेहरा काळानिळा झाला होता. चिमीनं त्याच्याकडे बोट केलं आणि ती रडायला लागली. मग हौसानं चिमीला भिमाईंच्या हातात दिलं, पदर खोचला, गुडघाभर पाण्यात गेली, आणि उभ्या आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली,

"रायाजी!"

सगळीकडे शांत झालं. लाटासुद्धा क्षणभर थांबल्या.

"रायाजी! माझा रायाजी आहे तो! सोड त्याला!"

दोर सैल झाला. गळ्याचा वेढा सुटला, छातीचा सुटला. कमरेचा तेवढा राहिला. आणि दोरानं रायाजीला हळूहळू, हलके हलके खाली सोडलं. कुठं? तर थेट नागूच्या गलबतात. नागूनं त्याला उठवून बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाला, "या, भावोजी. फेटा कुठाय?"

पण थांबा, अजून संपलं नाही. किल्लेदाराच्या हाताशी अजून सहा तोफा होत्या. तो लालबुंद होऊन ओरडला, "बाकीचे काय बघताय? लावा बत्ती!"

गोलंदाजांनी बत्त्या उचलल्या. मनात नव्हतं, पण उचलल्या.

तेव्हा वाळूवरून पार्वतीनं हाक मारली, "धर्माजी!" पार्वतीचा नवरा दुसऱ्या तोफेवर होता. बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यानं बारा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याच्या हातातली बत्ती खाली पडली. मग आणखी एकीनं हाक मारली. मग सगळ्याच सुटल्या. लक्षा! बाबाजी! गणोजी! कोणाचा तटावर, कोणाचा गलबतावर. नावांचा नुसता पाऊस पडला. पिवळ्या फेट्याचे आणि निळ्या फेट्याचे पुरुष माना वळवून आपापलं नाव शोधायला लागले. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "शिव शिव!" आणि मग त्यांनीही हाका मारल्या.

किल्लेदार एकटा राहिला. त्यानं स्वतः बत्ती उचलली. पण त्याला हाक मारणारं कोणी नव्हतं. बत्ती तोफेशी नेली, तेवढ्यात खालून आवाज आला. तो भिमाईंचा होता.

"हैबत! बाळा, पुरे झालं आता. ये खाली. जेवलायस का सकाळपासून?"

किल्लेदार थबकला. त्याच्या मिशा खाली आल्या. तो तोफेवर बसला आणि म्हणाला, "नाही." एवढंच म्हणाला. बुरुजावर परतलेल्या सटवाजीनं पुढे होऊन त्याच्या हातातली बत्ती काढून घेतली आणि विझवली.

मग काय, बंदरच गप्प बसलं म्हटल्यावर दोन्ही राजांचं अडलं. तोफा होत्या, पण बत्ती लावायला कोणी नाही. गलबतं होती, पण शीड उभारायला कोणी नाही. निरोपांवर निरोप आले. कांदळपूरनं एकच उत्तर धाडलं, की आमचा दोर तुम्हा दोघांनाही ओळखतो, या बसायला. महिनाभर राजे रुसून बसले. मग एकटं रुसून बसायचाही कंटाळा आला, तेव्हा गादीवर जरा जरा सरकले. आणि मावले की! अगदी व्यवस्थित मावले.

लुगडी पुन्हा अंगणात वाळायला लागली. गावाचं पडसं गेलं. नागूला नवा फेटा मिळाला, अर्धा पिवळा आणि अर्धा निळा, आणि तो जरा विचित्रच दिसला, पण कोणी बोललं नाही. हौसा आणि भिमाई अजून भांडायच्या, पण अबोला धरायच्या नाहीत. भांडताना बोलत राहायच्या. रोज तिन्हीसांजेला हौसा दारात उभी राहून मोठ्यानं हाक मारायची, "रायाजी, जेवायला चला!" आणि रायाजी पहिल्या हाकेला ओ द्यायचाच नाही, बरं का. दुसरी ऐकायची म्हणून. सगळी सुखात राहिली, आणि तो मोठा दोर होता, त्याची गावानं सगळ्या लेकरांसाठी एक भली लांब झोळी केली.

तीच ही झोळी समजा, आणि पडा आडवे. पांघरूण घ्या. काय म्हणता, तुमची नावं? घातलीत ना. पहिल्याच पिळात घातलीत. आणि कोणाचं राहिलं तर नाही ना, म्हणून पुन्हा एकदा घातलीत. झोपा आता.